हातबांधे मास्तर

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वाडीत चोर सापडलाय आणि शिपाई येईपर्यंत त्याला गोठ्यात बांधून ठेवलाय. डोक्यावर पगडी, अंगात गळाबंद काळा कोट, खाली स्वच्छ धोतर, आणि दोन्ही हात पाठीमागे उपरण्यानं करकचून बांधलेले. चोराच्या मानानं माणूस फारच नीटनेटका होता. त्याच्या भोवती वीतवीतभर पोरं आपापल्या उद्योगात गढलेली. एक तांब्यातून फुलपात्रात पाणी ओततंय, एक तराजूत चिंचोके तोलतंय, एक नुसतीच फतकल मारून दोरीला गाठी मारत बसलीय. बांधलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नाही. मी विहिरीवरून येत होते, घागर कमरेवर तशीच ठेवून बघत राहिले. तर चोरच मला म्हणाला, "बाई, बघायचं तर खुशाल बघा, पण घागर खाली ठेवा. कंबर धरेल."

आमची वाडी ठाकूरद्वारची. वाडीतला गवळी म्हशी घेऊन परळाकडे गेला आणि त्याचा गोठा रिकामा पडला, तो या म्हाताऱ्यानं भाड्यानं घेतला. सारवून, चुना लावून चकचकीत केला. पावसाळ्यात तेवढी नाकाला म्हशींची आठवण व्हायची. मास्तर त्याला शाळा म्हणत नसत. कुणी म्हटलं तर पगडी काढून पुन्हा घालीत, म्हणजे हात मोकळे असले तर, आणि म्हणत, "शाळेत मास्तर काम करतो आणि मुलं बसून राहतात. इथं मुलं काम करतात आणि मी बसून असतो. हा कारखाना आहे." वाडी त्याला मास्तरांचा गोठाच म्हणत राहिली. आणि मास्तरांना हातबांधे. पुष्कळांना ते त्यांचं आडनावच वाटायचं.

तीस वर्षं ते मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या छडीची ख्याती अशी की गिरगावातले चांगले मिशाळ वकील रस्त्यात समोर आले तरी आधी हात खिशात घालायचे. पेन्शनीत निघाल्यावर माणसं काशीला जातात, गीता वाचतात. यांनी अडीच-तीन वर्षांची पोरं गोळा केली आणि हात बांधून घेतले. मी एकदा धीर करून विचारलं, "मास्तर, हात का बांधता?"

"हाताला दोन वाईट खोडी आहेत," ते म्हणाले. "एक मारायची, एक मदत करायची. पहिली सुटली. दुसरी सुटता सुटत नाही. मूल जरा अडलं की हात आपला निघाला पुढे."

"मदत वाईट कशी असेल?"

"मारल्यानं मूल रडतं आणि उठतं. मदत केली की बसतं, ते बसतंच."

अशी उत्तरं.

हात बांधायचं काम येसूचं. येसू म्हणजे चिराबाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या कोळणीची मुलगी, चार वर्षांची आणि गाठींच्या बाबतीत मास्तरांची गुरू. बापानं जाळी विणताना पाहिलेलं सगळं तिच्या बोटांत उतरलं होतं. सकाळी ती गाठ मारी, दुपारी सोडी. एके दिवशी तिची आई लवकर आली आणि तिला घेऊन गेली, गाठ तशीच राहिली. दुसऱ्या कुणाला ती सुटेना, आणि कापायला मास्तर तयार होईनात, म्हणे कारागिराचं काम आहे. तसेच निघाले चिराबाजाराकडे. नाक्यावर खऱ्याखुऱ्या शिपायानं अडवलं. "कुणी बांधलं तुम्हाला?" "आमच्या एका विदुषीनं," मास्तर म्हणाले, "मासळीबाजारात असतील, चला दाखवतो." शिपाई बरोबर गेला. येसूनं मासळीच्या पाट्यांमध्ये उभं राहून, सगळ्या बाजाराच्या देखत, मास्तरांना मोकळं केलं. मास्तर मुलांना अहोजाहो करीत. "उपकार झाले, येसूबाई," म्हणाले आणि घरी आले.

फी ते घेत नसत. मोडकी कुलपं, कड्या, झाकणं, कोयंडे, जे काही घरात निरुपयोगी असेल ते आणून द्यायचं. त्यातून एकेक वस्तू उभी राहायची. छोटं जातं होतं, छोटी सुपली होती. लाकडावर सरसानं वाळू चिकटवलेली अक्षरंसुद्धा होती, ज्याला वाटेल त्यानं बोट फिरवावं. "ओनामा कधी सुरू करणार?" असं कुणी विचारलं की "अक्षरं कुठं पळून चाललीत?" म्हणायचे.

एकदा फोर्टातले एक बडे गृहस्थ गाडी करून कारखाना बघायला आले. मुलांनी रांगेत उभं राहून श्लोक म्हणावेत, अशी त्यांची इच्छा. मास्तर म्हणाले, "श्लोक नाहीत. हे पाणी ओतताहेत, ते बघा." गृहस्थांनी थोडा वेळ पाणी ओतणं पाहिलं, मग जांभई दिली, आणि दाराशी काढलेले बूट घालायला गेले. ओतणाऱ्या मुलाला तेवढ्यात फुलपात्राहून खोल भांडी सापडली होती. दोन्ही बूट काठोकाठ, बाहेर एक थेंब नाही. गृहस्थ लालबुंद. मास्तर वाकून बघत म्हणाले, "पाहिलंत? एवढ्यावर हात बसायला पोराला आख्खा फाल्गुन लागला."

आता माझं सांगते, कारण त्यावाचून मास्तर पुरते कळायचे नाहीत.

माझी पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याचं नाव धोंडू ठेवलं, म्हणजे धोंडा कोण कशाला नेतोय. नाक टोचलं, सुपात घालून फरफटवला, शेजारणीच्या ओटीत टाकून मापभर कोंड्यावर परत घेतला. एवढ्या खटपटीनं राहिलेलं पोर, मग ते जमिनीवर ठेवायचं कशाला? चार वर्षांचा घोडा झाला तरी उंबरा कडेवरून ओलांडायचा. घास मी भरवायचा, पाणी सासूबाईंनी पाजायचं, नाक आमच्या यांनी पुसायचं. आणि पोर बोलत नव्हतं. ऐकू यायचं, सगळं कळायचं, हसायचासुद्धा खुदुखुदु. पण तोंडातून हूं की चूं नाही.

वेखंड उगाळून मधातून चाटवलं. शेजारच्या काकूंच्या पोपटाचा उष्टा पेरू रोज खायला घातला. त्यानं एवढं झालं की पोपट "धोंडू, धोंडू" म्हणायला शिकला. धोंडू त्याच्याकडे बघून मान डोलवायचा. मी हसते आहे आता, पण तेव्हा नव्हते हसत. वाडीत कुणाचंही पोर "आई" म्हणून ओरडलं की माझी मान आपोआप वळायची, आणि मग मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सासूबाईंनी शिमग्यातच निकाल सांगून टाकला. "हा पावसाळा बघू. नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या, की मी याला घेऊन गावी जाते. देवीच्या पायाशी ठेवते. बोलायला लागला की परत आणीन."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू गेलीस तर इथं याच्या बापाला कोण रांधून घालील गो?"

न बोलला तर काय, ते कुणी विचारलं नाही. हे म्हणाले, "आई म्हणते तर जाऊ दे." यांचं हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. माझं पोर मुकं म्हणून देवळात राहणार, आणि मी ठाकूरद्वाराला बसून भात लावणार. तेव्हा दुसऱ्या दिवशी सासूबाई भजनाला गेल्या तशी धोंडूला काखेत मारला आणि गोठ्यात नेऊन उभा केला.

मास्तर गुडघ्यांवर बसले, तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं. "या, धोंडोपंत." धोंडोपंतांनी भिंतीशी टेकवलेल्या एका फळीकडे बोट दाखवलं. मी लगबगीनं ती उचलायला वाकले.

"हं," मास्तर म्हणाले, "हात." मी हात मागे घेतला. "घरी याला काय हवं ते तुम्हाला कसं कळतं?"

"बोट दाखवतो."

"मग?"

"मग आम्ही देतो."

"तर मग बोलून त्याला याहून अधिक काय मिळायचंय?"

मी धोंडूच्या बोटाकडे पाहिलं. मग विचारलंच, "मुका आहे का हो, मास्तर?"

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता, माझी समजूत काढली असती. मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही. बोलायची गरज त्याला अजून पडलेली नाही, एवढं दिसतंय. घरी एक करा. त्यानं बोट दाखवलं की आंधळ्या व्हा."

झाले मी आंधळी. पण मी आंधळी झाले की सासूबाईंना चार डोळे फुटायचे. बोट हलायच्या आत वस्तू हजर.

सासूबाईंना कारखान्याचं कळलंच, कळायचं राहतं थोडंच. कोळणीच्या पोरीशेजारी आपला नातू बसतो म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि शेवटी घरात शिरताना त्याला आंघोळ घालायची या बोलीवर त्या कबूल झाल्या. धोंडूनं त्या आंघोळीचाही कारखाना केला. तांब्या भरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. सासूबाई बाहेर उभ्या राहून म्हणायच्या, "सोवळ्याचं भारीच वेड लागलंय हो पोराला," आणि वाडीभर सांगायच्या.

ती फळी म्हणजे जुन्या दाराचा तुकडा. तिच्यावर मास्तरांनी नाना तऱ्हेच्या कड्या, हूक, खिट्या ठोकल्या होत्या. धोंडूला त्यातली एकच खिटी आवडली. सरकवायची, काढायची. सरकवायची, काढायची. आंबे आले, गेले, पाऊस लागला, ह्याची खिटी चालूच. माझा जीव खालीवर व्हायचा. तिकडे पौर्णिमा जवळ येत होती.

"मास्तर, याला आता दुसरं काहीतरी द्या."

"त्यानं मागितलं?"

"मागत नाही हेच तर रडगाणं आहे."

"मग त्याचं झालं नसेल."

मी चिडले. म्हटलं, "तुमचं बरं आहे. हात बांधले की सुटलात." मास्तरांच्या नाकावर माशी बसली होती, ती फुंकून उडवायचा प्रयत्न करीत राहिले. मला आणखीनच राग आला. त्या दिवशी धोंडूला ओढतच घरी नेला, आणि वाटेत लक्षात आलं की तो चालत होता. कडेवर न बसता. तरीही राग गेला नाही, कारण चालता मुलगाही गावी जाणारच होता.

नारळी पौर्णिमा झाली. दर्यात नारळ पडले, आगबोटी लागल्या. सासूबाईंनी गाठोडं बांधलं, त्यात धोंडूचे अंगरखे, कुंची, देवीची ओटी. उद्या सकाळी निघायचं. माझं दोन दिवस रडूनही झालं होतं, आता नुसती कामं उरकत होते. दुपारचा वरणभात करून झाकून ठेवला, चुलीत निखारे होते ते जरा मागे लोटले, आणि धोंडूला घरात खेळत ठेवून पाण्याला गेले. सासूबाई शेजारी निरोप घेत बसल्या होत्या.

घागर घेऊन आले तर स्वयंपाकघराचं दार बंद. ढकललं, हलेना. आतून खालची खिटी लागलेली. ती खिटी इतकी गंजकी की आम्ही कधी लावतच नसू.

"धोंडू?"

उत्तर कुठून येणार?

घागर माझ्या हातून सुटली. आत चूल, आत विळी, आत माझं न बोलणारं पोर. भाजलं तरी सांगणार नाही, कापलं तरी सांगणार नाही. मी दार बडवायला लागले. माझ्या ओरडण्यानं सासूबाई धावत आल्या, मागून वाडी आली. खिडकी उंच, तिला गज. धुरानं काळवंडलेल्या खोलीतलं बाहेरून काही दिसेना. सासूबाईंनी ऊर बडवला. "त्या मेल्या मास्तरड्यानं पोराला कड्या लावायला शिकवलं. आणा रे पहार, फोडा दार." दोघे जण पहार घेऊन आलेसुद्धा.

तेवढ्यात मास्तर आले. हात बांधलेलेच, पगडी वाकडी झालेली. पहारेच्या समोर दाराला पाठ लावून उभे राहिले. "दार आत पडेल. मूल दाराशी असलं तर?" पहारवाले थबकले. मास्तर म्हणाले, "आता सगळ्यांनी अगदी गप्प व्हायचं."

"गप्प काय व्हायचं?" सासूबाई कडाडल्या. "पोर मुकं आहे."

"आजीबाई, आजवर त्यानं बोट दाखवलं की तुम्हाला दिसत होतं. आता मध्ये दार आहे. बोट दिसायचं नाही, हे त्याला कळतंय. पण आपण सगळेच बोलत राहिलो तर तो बोलणार कुठं?"

मी पुन्हा दार बडवायला हात उचलला, आणि मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तो माणूसही घाबरलेला होता. कपाळावरून घाम ओघळत होता. मी हात खाली घेतला. का घेतला, देव जाणे. आमची वाडी कधी गप्प झालेली मी ऐकली नव्हती. त्या दुपारी झाली. पोपटसुद्धा बोलला नाही.

मी दाराला तोंड लावून हळूच म्हटलं, "धोंडू, बाळा, काय करतोस?"

काही नाही. मग भांडं सरकल्याचा आवाज. मग, अगदी स्पष्ट, जरासा वैतागलेला, एक घोगरा आवाज आला.

"थांब गो आई. मी जेवतोय."

मी खाली बसले. ज्या एका हाकेसाठी चार वर्षं कान टवकारून जगले ती आली, आणि आली ती मला दटावून. हसू का रडू कळेना, मी दोन्ही केलं.

बाहेर नुसती कुजबूज माजली. मास्तरांचा आवाजही चमत्कारिक झाला होता, पण त्यांनी रीत सोडली नाही. "धोंडोपंत, चुलीपासून लांब बसलात ना?"

"हो."

"वाढून घेतलंत?"

"हो."

"मग सावकाश होऊ द्या."

पहारवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "आता बोलतोय तर दार फोडून त्याला काढूया का?"

त्यावर सासूबाई अशा फिरल्या की तो दोन पावलं मागे गेला. "जेवत्या माणसाला पानावरून उठवतात काय रे? काही रीतभात? ठेव ती पहार."

मग आख्खी वाडी एका चार वर्षांच्या पोराचं जेवण होण्याची वाट बघत उभी राहिली. मला घाई नव्हती. आत पळीचा, ताटाचा, मांजराचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. गेले कितीतरी दिवस घास पुढे नेला की तो तोंड फिरवत होता, माझा हात बाजूला सारत होता, आणि मी म्हणत होते, पोराची भूक गेली. भूक कसली गेलीय. त्याला स्वतःच्या हातानं जेवायचं होतं, आणि आमचे हात बाहेर ठेवायला खिटीवाचून दुसरा उपाय नव्हता.

मग खिटी करकरली. अडली. पुन्हा करकरली. वाडीतला एकेक हात शिवशिवत होता, पण मध्ये दार होतं. शेवटी ती सुटली आणि धोंडू बाहेर आला. कानापर्यंत भात. आत अर्धं वरण जमिनीवर, त्यात मांजर. सोवळ्याचा सगळा स्वयंपाक खरकटा. सासूबाईंनी ते पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा खरकट्यावरून एक शब्द काढला नाही. त्याचे भाताचे हात स्वतःच्या गालांवर धरले आणि रडल्या. "देवीनंच बोलतं केलं हो माझ्या पोराला. तिकडे गाठोडं बांधलं आणि इकडे तिनं ऐकलं."

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि हात बांधलेले असल्यामुळे ते तसेच वाहू द्यावे लागत होते.

"देवीच असणार, आजीबाई," मास्तर म्हणाले. "मी कुठं हात लावलाय?"

आणि ते गोठ्याकडे गेले. कारखाना सोडून आले होते, तिकडे येसू एकटी सगळ्यांना आवरत होती.

गाठोडं सासूबाईंनी संध्याकाळी आपल्या हातानं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा धक्क्याकडचा होता. मी धोंडूपुढं ताट ठेवून, हात पदराखाली घट्ट धरून बसले होते. तो सांडत होता, जेवत होता, आणि आदल्या दुपारपासून क्षणभर तोंड मिटत नव्हता. तेवढ्यात लांबून आगबोटीचा भोंगा ऐकू आला.

"आई, कोण ओरडतंय?"

"आगबोट."

"का ओरडतेय?"

"निघाली ती. तुला न्यायला आली होती."

त्याचा घास हातातच राहिला. "मग नेलं का नाही?"

"नेणार कशी," मी म्हटलं. "तू जेवत होतास."